एलडी (अध्ययन अक्षमता) असलेल्या मुलांना शिकवायचंय, मास्टर्स नक्की कशात करू?

कंदील
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात एका अनुदानित मराठी शाळेत पाचवी ते सातवीला मराठी आणि इतिहास शिकवते. एमए मराठी, मग साधं बीएड, नोकरीला अकरा वर्षं झाली. गेल्या वर्षी सहावीत एक मुलगा होता, अफजलखानाच्या भेटीचा प्रसंग असा रंगवून सांगायचा की मागच्या बाकावरची पोरं पण गप्प, आणि तेच चार ओळीत लिही म्हटलं की अर्ध्या तासात 'शवज महरज' एवढंच, काना वेलांटी सगळं गायब आणि खोडून खोडून वहीला भोक. मी दोन महिने त्याला आळशी म्हणत होते. आता हे टाइप करताना पण कसंतरी होतंय.

नंतर त्याच्या आईनं तपासणी करून घेतली, डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अक्षमता, निघाला. तेव्हापासून मिळेल ते वाचतेय आणि आता नीट शिकावं असं डोक्यात बसलंय. तीन गोष्टी समोर आहेत: एमएड स्पेशल एज्युकेशन, नाहीतर घरून सायकॉलॉजीत एमए, नाहीतर एक ऑनलाइन पीजी डिप्लोमा आहे सहा महिन्यांचा, फी ४५ हजार, 'आंतरराष्ट्रीय मान्यता' म्हणतात, त्यांची काउन्सेलर रोज फोन करते. वय ३६, मुलगी दुसरीत. नवरा म्हणतो कर, सासूबाई म्हणतात आता कसली गं शिक्षणं. कुणी या वाटेनं गेलंय का?

पाटीपेन्सिल
मी गेलेय. चौदा वर्षं मुंबईत स्पेशल एज्युकेटर आहे, आधी एका शाळेच्या रिसोर्स रूममध्ये (अशा मुलांना वेगळं बसवून शिकवायची खोली), आता स्वतःचं छोटं रेमेडियल म्हणजे उपचारात्मक शिकवणीचं सेंटर. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस.

आधी त्या ४५ हजारवाल्या बाईंचा नंबर ब्लॉक कर. भारतात स्पेशल एज्युकेटर म्हणून काम करायचं तर आरसीआयची म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. १९९२ चा कायदा आहे. कोर्स आरसीआय मान्य असेल तरच त्यांच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं आणि सीआरआर नंबर मिळतो. नंबर नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही असं त्या कायद्यात लिहिलंय. हजार रुपये वाचून हसू येतं, पण शाळेत मुलाखतीला गेलीस की पहिला प्रश्न सीआरआर नंबर काय हाच असतो. त्या आंतरराष्ट्रीय मान्यतेला इथं कुणी विचारत नाही.

आता खरी अडचण, जी तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. साध्या बीएडवर स्पेशलच्या एमएडला थेट प्रवेश नाही. एकतर विशेष शिक्षणातलं बीएड हवं, किंवा साधं बीएड अधिक विशेष शिक्षणातली आरसीआय मान्य पदविका, दोन्हीकडे किमान ५० टक्के. म्हणजे तू विचारतेयस माडीचं आणि जिना अजून बांधायचाय. मी पण असाच फॉर्म भरायला गेले होते, खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे परत पाठवलं.

बोलाचीकढी
एलडी वगैरे सगळी शहरी थेरं आहेत. आमच्या वेळी गुरुजींची छडी हाच डिप्लोमा होता, सगळी पोरं लिहायला शिकली.

एकोणनव्वद
@बोलाचीकढी, सगळी? तुमच्या वर्गातली किती पोरं चौथीनंतर गुरं राखायला गेली ते आठवा जरा. जी लिहायला शिकली तीच आता इथं येऊन लिहितायत, म्हणून तुम्हाला सगळी वाटतात.

बोलाचीकढी
हम्म. आमचा एक चुलतभाऊ होता खरा. ट्रॅक्टर आवाजावरून दुरुस्त करायचा, सही मात्र अंगठा. असो. वाचतोय.

हिशेबनीस
कंदील, मी शिक्षण क्षेत्रातला नाही पण बायको समग्र शिक्षामध्ये विशेष शिक्षक आहे त्यामुळे पोटापाण्याचं तेवढं सांगतो.

सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला दर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक आणि माध्यमिकला दर पंधरामागे एक हवा. आपल्याकडे २०२४ ला राज्य सरकारनं केंद्र पातळीवर ४,८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली. ऐकायला छान वाटतं, पण केंद्र म्हणजे आजूबाजूच्या शाळांचा झुबका, बायको स्कूटीवर आज या शाळेत उद्या त्या शाळेत. वर्षानुवर्षं करारावर होती, दर जूनला घरात तीच धाकधूक, ऑर्डर आली का. खाजगी इंग्रजी शाळांमध्ये जागा आहेत, पगार शाळेगणिक. सगळ्यात बरा पैसा घरगुती रेमेडियल सेशनमध्ये पण तिथे मराठी माध्यमाचं पोर क्वचित येतं, परवडतच नाही.

तुझी अनुदानित शाळेतली कायम नोकरी आहे ना? मग ती सोडून काहीही करू नकोस, हे मी शंभर वेळा सांगेन.

पाटीपेन्सिल
हिशेबनीस +१. नोकरी धरून ठेव.

मघाशी जिन्यावर थांबले होते, पुढचं सांगते. नियमित विशेष बीएड दोन वर्षांचं, त्यात एका दिव्यांगत्वाची निवड करावी लागते. तुला एलडी हवं, म्हणजे अध्ययन अक्षमता. ऐकायला दृष्टी, बौद्धिक अक्षमता वगैरे वेगवेगळ्या शाखा वाटतात पण एलडी निवडलं तरी बाकीच्यांची तोंडओळख होते, आणि ती लागतेच, कारण वर्गातलं पोर एकच लेबल लावून येत नाही. एमएड त्यानंतरचं, तेही दोन वर्षं, चार सेमिस्टर. म्हणजे सरळ गेलीस तर चार वर्षं.

आता एमएडमध्ये काय असतं ते नीट ऐक, कारण नावावरून सगळ्यांची फसगत होते. तिथं संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, अभ्यासक्रम रचना, शिक्षक-प्रशिक्षण आणि एक लघुप्रबंध. पोराला काना कसा शिकवायचा ते तिथं कुणी शिकवत नाही, ते बीएडला आणि त्याहून जास्त रिसोर्स रूमच्या जमिनीवर मांडी घालून शिकायला मिळतं. एमएड हे शिक्षकांचे शिक्षक व्हायचं असेल त्यांच्यासाठी. कॉलेजात शिकवायचंय, प्रशिक्षणं घ्यायचीत, पुढे पीएचडी, तर जरूर कर. तुझ्या पोस्टमध्ये तो सहावीतला मुलगा आहे, कॉलेज कुठेच दिसलं नाही मला.

सायकॉलॉजी एमए वाईट नाही पण त्यानं सीआरआर मिळणार नाही आणि तेवढ्यावर बुद्ध्यांक चाचणी पण अधिकृतपणे करता येणार नाही. एक तपासणी म्हणजे तीन-चार माणसांचं काम असतं: बालरोगतज्ज्ञ, नजर आणि कान तपासणारे, आयक्यू काढणारे मानसशास्त्रज्ञ, आणि शैक्षणिक चाचणी घेणारा स्पेशल एज्युकेटर. तुला यातली चौथी खुर्ची हवीये.

कंदील
बापरे. पाटीपेन्सिल ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. थोडं रडू आलं थोडं हायसं वाटलं. खरंय, मला कॉलेजात शिकवायचं नाहीये, निदान आत्ता तरी. पण मास्टर्स म्हटलं की घरात समजावणं सोपं जातं हो, 'पुन्हा बीएड' म्हटल्यावर सासूबाई म्हणणार पहिलं काय नापास झालीस का!

वरणभात
हाहा. सासूबाईंना सांग पहिलं बीएड शिवाजी महाराजांचं होतं, हे काना-मात्रेचं आहे.

लंडनचापाऊस
इकडे यायचा विचार कधी आला तर एक शब्दांचा घोळ आधीच सांगून ठेवतो. ब्रिटनमध्ये 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणजे आपण ज्याला बौद्धिक अक्षमता म्हणतो ते. डिस्लेक्सिया, डिसकॅल्क्युलियाला (आकड्यांची अडचण) इथं 'स्पेसिफिक लर्निंग डिफिकल्टी' म्हणतात. माझ्या ओळखीची एक मुलगी नावावरून भारतातून अॅडमिशन घेऊन आली आणि पहिल्या आठवड्यात कळलं की वर्ग भलत्याच विषयाचा आहे, आम्ही सगळ्यांनी कपाळावर हात मारला. एक वर्षाची 'स्पेशल नीड्स अँड इन्क्लुजन' छापाची एमए बहुतेक विद्यापीठांत असते पण ती थिअरीची, त्यावर सरकारी शाळेत पूर्ण शिक्षक म्हणून घेत नाहीत, त्याला वेगळा क्यूटीएस, म्हणजे पात्र शिक्षकाचा दर्जा, लागतो. डिस्लेक्सियाची निदान चाचणी स्वतः करायची तर लेव्हल ७ चा (मास्टर्सच्या पातळीचा) कोर्स आणि मग वेगळं प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट. एजंट यातलं काही सांगत नाही.

जर्सीचीकाकू
मी न्यू जर्सीत असते, इकडच्या बाजूनं थोडं. मी आले तेव्हा एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर होते, काम करायची परवानगी नव्हती, घरात बसून वेड लागायची पाळी, मग मास्टर्सला नाव घातलं. इथं डिग्रीपेक्षा राज्याचं सर्टिफिकेट मोठं. प्रत्येक राज्याचं वेगळं, त्यामुळे कॉलेज निवडताना ही डिग्री माझ्या राज्याच्या लायसन्सला चालते का आणि प्रत्यक्ष शाळेतलं स्टुडंट टीचिंग त्यात आहे का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका. ऑनलाइन डिग्र्यांमध्ये इथेच पाय घसरतो.

आमच्याकडे आधी कुठल्यातरी विषयाचं किंवा प्राथमिकचं शिक्षक सर्टिफिकेट, त्यावर 'टीचर ऑफ स्टुडंट्स विथ डिसॅबिलिटीज'. आणि न्यू जर्सीत एक खास पद आहे, एलडीटीसी म्हणतात, लर्निंग डिसॅबिलिटीज टीचर कन्सल्टंट. मुलाची शैक्षणिक तपासणी तो करतो. चाइल्ड स्टडी टीममध्ये सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर आणि हा, असे तिघं. त्याला मास्टर्स तर लागतंच पण तीन वर्षं प्रत्यक्ष शिकवलेलं पण लागतं. म्हणजे पाटीपेन्सिल म्हणतायत तेच, आधी वर्ग मग पदवीचा तोरा. अमेरिकेत विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश एलडीची असतात, त्यामुळे काम भरपूर, कागदपत्रं त्याहून भरपूर. प्रत्येक मुलाचा आयईपी, म्हणजे त्याच्यापुरता शिक्षणाचा आराखडा, लिहिता लिहिता माझी मनगटं गेली.

एक अवांतर. इथे मराठी घरातल्या पोराला वाचता येईना की पहिल्यांदा आईबापच म्हणतात घरी मराठी बंद करा, दोन भाषांमुळे गोंधळतोय. दोन भाषांनी डिस्लेक्सिया होत नाही हो! आजीशी बोलणं तेवढं तुटतं. हे मी दर सहा महिन्यांनी कुणाला तरी सांगते.

एकोणनव्वद
मी पालक म्हणून लिहितेय. माझ्या आयडीची गंमत आता सांगते. लेकीला डिसकॅल्क्युलिया आहे. दुसरीत असताना तिला 'पंचवीस' म्हटलं की ५२ लिहायची. मी ओरडायचे. मग एका बाईंनी मला सांगितलं, अहो तुम्ही आधी 'पंच' म्हणता मग 'वीस' म्हणता, ती ऐकते त्या क्रमानंच लिहितेय, चूक तिची का तुमच्या भाषेची? मी गारच. आणि एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी तर विचारूच नका. एकोणसाठमध्ये साठ ऐकू येतं म्हणून ती ६ नं सुरुवात करायची आणि ६९ लिहून मोकळी. एकोणनव्वद हा आमच्या घरातला शेवटचा किल्ला होता, पाचवीत सर झाला.

२०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं आणलं तेव्हा व्हॉट्सअॅपवर सगळे तुटून पडले होते, मराठीची वाट लावली म्हणून. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी शांतपणे सांगितलं की जोडाक्षरी संख्यानामांनी मुलं अडखळतात. माझ्या घरात तेव्हा त्यांचा फोटो लावायचा बाकी होता.

कंदील ताई, तुम्ही जे काय कराल ते मराठीतून शिकवता येईल असं करा ही हात जोडून विनंती. आम्हाला जे स्पेशल एज्युकेटर मिळाले ते सगळे इंग्रजीतून शिकलेले, 'बी' आणि 'डी' चा गोंधळ कसा घालवायचा ते पाठ, पण लेक 'घ' आणि 'ध' मध्ये अडकली की त्यांच्याकडे काही नाही.

पाटीपेन्सिल
एकोणनव्वद, तुम्ही आमच्या धंद्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. खरंय. आमचं बहुतेक सगळं साहित्य ऑर्टन-गिलिंगहॅमच्या घराण्यातलं, १९३० च्या दशकात अमेरिकेत इंग्रजी वाचनासाठी तयार झालेली पद्धत. डोळा, कान, हात एकत्र वापरायचे हे तत्त्व उत्तमच आहे, वाळूत बोटानं अक्षर गिरवताना तोंडानं आवाज काढायचा वगैरे, आपल्या धुळपाटीत तेच होतं की. पण इंग्रजीत पोर अडखळतं ते स्पेलिंग आणि उच्चार जुळत नाहीत म्हणून. मराठीत बऱ्यापैकी जसं बोलतो तसं लिहितो, त्यामुळे आपली मुलं चुकीचं वाचण्यापेक्षा हळू वाचतात, आणि हळू वाचणारं पोर शिक्षकाच्या नजरेतून निसटतं. त्याची अडचण वेगळीच असते: 'कि' ची वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची पण उच्चार नंतर, रफार डोक्यावर पण आवाज आधीचा, 'भ-म', 'घ-ध', 'थ-य' दिसायला सख्खे भाऊ, आणि 'वात्सल्य'सारखा शब्द आला की पोर घामाघूम. कंदीलच्या मुलानं सगळे काने खाल्ले ते उगाच नाही, मूळ अक्षर त्याच्या मनात पक्कं आहे, त्याला चिकटणारी चिन्हं सुटतात.

मराठीत चाचण्याच नाहीत म्हणून ओरड असायची. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' नावाची चाचणी तयार केलीये, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी. पहिली-दुसरीसाठी शिक्षकांनी वापरायची चाळणी वेगळी, तिसरी ते पाचवीची वेगळी. चाळणी म्हणजे निदान नव्हे, पण तुझ्यासारखीनं हे आधी हातात घ्यावं.

आणि म्हणूनच माझ्या मनात आलं की तू मराठीची एमए आहेस. आमच्यात बहुतेकांना जोडाक्षर म्हणजे काय ते व्याकरणात धड सांगता येत नाही. तू उद्या एमएडपर्यंत पोचलीस आणि लघुप्रबंध मराठी वाचनावर केलास तर त्या एमएडला अर्थ आहे. पण उद्या.

कंदील
हा कोन माझ्या डोक्यातच आला नव्हता! मग आता जिना कुठून बांधू ते पण सांगा. मुंबईत जाऊन राहणं शक्य नाही, लेक लहान आहे.

पाटीपेन्सिल
मुंबईत एसएनडीटीच्या जुहू कॅम्पसला विशेष शिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे, फक्त महिलांचं विद्यापीठ, आणि चेंबूरला हशू अडवाणी कॉलेज. पण तुझ्यासाठी मला नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ बरं वाटतं, त्यांचं दूरशिक्षणातलं विशेष बीएड अडीच वर्षांचं, नोकरी करून होतं. दूरशिक्षण म्हणजे घरबसल्या असं समजू नकोस, संपर्कसत्रं आणि प्रत्यक्ष पाठ चुकवता येत नाहीत, आणि चुकवू पण नयेत.

कुठेही नाव घालायच्या आधी आरसीआयच्या साइटवर जाऊन त्या संस्थेला, त्याच कोर्सला, त्याच शाखेला, तू प्रवेश घेणार त्याच वर्षासाठी मान्यता आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. कॉलेजला मान्यता असते पण एलडीला नसते, किंवा गेल्या वर्षीपर्यंत होती. 'येऊन जाईल हो मॅडम' असं जो म्हणेल त्याच्या दारातून परत फिर. माझ्या एका बॅचमेटची दोन वर्षं अशीच गेली, परीक्षा पास पण नोंदणी मिळेना.

आणि फॉर्मच्या आधी एक काम. पुण्यात एखादी रिसोर्स रूम शोध आणि काही शनिवार नुसती बसून ये. फुकट. काही बोलू नकोस, पोरांकडे बघ.

हिशेबनीस
आणि मुख्याध्यापकांकडून लेखी परवानगी. तोंडी नको. सेवापुस्तकात पात्रतेची नोंद घालायच्या वेळी तोंडी परवानगीचा कुणी साक्षीदार नसतो.

धुकंधुकं
मध्येच विचारतोय, माफ करा. भाचा साडेसहा वर्षांचा आहे, उलटी अक्षरं काढतो, प्रमाणपत्र कुठे मिळेल?

पाटीपेन्सिल
धुकंधुकं, साडेसहाला उलटी अक्षरं अनेक पोरं काढतात. प्रमाणपत्राची घाई नको. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिलं प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर, मग १४ आणि १८ ला परत तपासणी असं होतं, २०२४ ला नव्या सूचना आल्या. मुंबईत असाल तर पुढे सायन हॉस्पिटलचं एलडी क्लिनिक आहे. पण मदत मात्र आजपासून सुरू करा, मदतीला कागद लागत नाही. आणि हो, लेखनिक, जादा वेळ या सवलती एसएससीला मिळायला लागल्या त्या १९९६ पासून, महाराष्ट्र त्यात पहिला. केंद्राच्या कायद्यात एलडीचं नाव यायला २०१६ उजाडलं, १९९५ च्या कायद्यातल्या सात प्रकारांत ते नव्हतंच.

बोलाचीकढी
१९९६? म्हणजे चुलतभाऊ वीस वर्षं आधी जन्मला म्हणायचा.

कंदील
धागा वर काढतेय. दीड महिन्यानं आले, सहामाही परीक्षा, पेपर तपासणी, मग दिवाळी.

पाच शनिवार बसून आले एका रिसोर्स रूममध्ये. पहिल्या दिवशी वाटलं हे काय, एका पोराला एक बाई चाळीस मिनिटं फक्त 'का की कू' करतायत, माझ्या वर्गात तेवढ्यात एक धडा संपतो. तिसऱ्या शनिवारी न राहवून मी एका मुलीला मध्येच शब्द सांगून टाकला. बाई नंतर बाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, ती चौदा सेकंद थांबली होती, अजून चार थांबली असती तर तिचं तिला आलं असतं, तुम्ही घेतलंत ते तिच्याकडून. मी अकरा वर्षं वर्गात हेच करत आलेय, आणि त्याला गती म्हणत आलेय.

तर ठरलं. विशेष बीएडच, मुक्त विद्यापीठाचं, माहितीपुस्तिका आली की शाखा आणि मान्यतेचं वर्ष बघून फॉर्म. एमएडचं नंतर बघू, विषय मात्र वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय: काना का सुटतो. ४५ हजारवाल्या बाईंना सीआरआर नंबर मिळेल का विचारलं, फोनच बंद झाले. सासूबाईंना वरणभात यांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, हसल्या, मग म्हणाल्या मग पोरीला शनिवारी मी बघेन पण रविवारी माझं भजन असतं.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी अजून आलेली नाही. दोनदा अर्ज दिला. हिशेबनीस, तिसऱ्यांदा देऊ का आवक क्रमांक मागू?

हिशेबनीस
आवक क्रमांक. दोन्ही जुन्या अर्जांचा. आणि झेरॉक्सवर सही-शिक्का घेऊनच टेबलापासून हल.

एकोणनव्वद
रविवारी भजन असेल तर पोरीला आमच्याकडे सोडा, कोथरूडला आहोत. माझ्या लेकीला कुणीतरी छोटं हवंच आहे, पाढे विचारायला. निरोप पाठवते.